विजोड तबकड्यांची दुर्बीण

रेडिओ दुर्बिणीला आकाशातील किती बारीक तपशील टिपता येईल, हे तिच्याकडे येणाऱ्या लहरींची तरंगलांबी आणि तिचा स्वतःचा पसारा यांच्या गुणोत्तरावर ठरते. दृश्य प्रकाशाच्या तुलनेत रेडिओ लहरींची तरंगलांबी लाखो पटींनी मोठी असल्यामुळे, माणसाच्या डोळ्याची पाच मिलिमीटरांची बाहुली जेवढा तपशील सहज पाहते तेवढाच २१ सेंटिमीटर तरंगलांबीच्या लहरींतून पाहायचा झाला, तर सुमारे दोन किलोमीटर व्यासाची तबकडी लागेल आणि ती आकाशात हव्या त्या दिशेला वळवताही यावी लागेल. असे धूड बांधणे कोणत्याही देशाच्या आवाक्यातले नाही. यावर विसाव्या शतकाच्या मध्याला जो तोडगा निघाला, आणि ज्यासाठी केंब्रिजच्या मार्टिन राइल यांना १९७४ सालच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला, तो असा की लहान लहान अँटेना मोठ्या परिसरात विखरून ठेवायच्या, त्यांतील प्रत्येक जोडीचे संकेत एकमेकांशी गुणायचे आणि त्या गुणाकारांतून गणिताने चित्र उभे करायचे. अशा मांडणीला अँटेना-व्यूह म्हणतात, जोडीतील दोन अँटेनांमधल्या अंतराला आधाररेषा म्हणतात, आणि जोडीला व्यतिकरणमापक म्हणतात, कारण दोन ठिकाणी पोहोचलेल्या एकाच लहरीच्या मिलाफातून, म्हणजे व्यतिकरणातून, ती माहिती काढते. लांब आधाररेषा बारीक तपशील सांगते, आखूड आधाररेषा पसरट आकार सांगते, आणि दोन्ही प्रकारच्या पुरेशा आधाररेषा हाताशी असल्या की फूरिये यांच्या गणिती रूपांतराने आकाशाचा नकाशा तयार होतो.

पाठ्यपुस्तकांत हा विषय मांडताना सगळ्या तबकड्या एकाच मापाच्या धरलेल्या असतात. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे असलेली महाकाय मीटर-तरंग रेडिओ दुर्बीण, म्हणजे मराठी वाचकाच्या ओळखीची जीएमआरटी, खरोखरच तशी आहे. तिच्या तीसही तबकड्या ४५ मीटर व्यासाच्या आहेत. बंगळूरशी निगडित रेडिओ खगोलशास्त्राचा इतिहास मात्र बराचसा विजोड जोड्यांचा आहे. मोठ्या अँटेनेशेजारी लहान, लांब भुजेला आखूड, स्थिराला सरकती अशी सांगड तेथील शास्त्रज्ञांनी पुन्हा पुन्हा घातली, आणि त्या सगळ्या प्रयोगांत एकच हिशेब दिसतो, की विजोडपणामुळे पोलाद आणि पैसा यांत जी बचत होते ती पुढे वेळेत नाहीतर गणितात भरून द्यावी लागते.

या इतिहासाची सुरुवात ऑस्ट्रेलियात होते. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९४८ साली बंगळूरमध्ये स्थापन केलेल्या रामन संशोधन संस्थेची धुरा त्यांच्या निधनानंतर, १९७२ साली, त्यांचे पुत्र वेंकटरामन राधाकृष्णन यांच्याकडे आली आणि १९९४पर्यंत त्यांच्याकडेच राहिली. त्याआधी राधाकृष्णन यांनी स्वीडन, अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया येथे रेडिओ खगोलशास्त्रात नाव कमावले होते. न्यू साउथ वेल्समधील पार्क्स येथे १९६१पासून ६४ मीटर व्यासाची प्रचंड तबकडी कार्यरत होती आणि तिच्या जोडीला रुळांवरून सरकणारी १८ मीटर व्यासाची दुसरी तबकडी आणण्यात आली होती. या दोघींच्या व्यतिकरणमापकाने राधाकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हायड्रोजनच्या २१ सेंटिमीटर तरंगलांबीच्या लहरींचे जे सर्वेक्षण केले ते १९७२ साली प्रसिद्ध झाले.

एक मोठी आणि एक लहान अशी जोडी किती चांगले ऐकते, या प्रश्नाचे उत्तर शाळेच्या गणितातले आहे. जोडीची संवेदनक्षमता दोन्ही तबकड्यांच्या क्षेत्रफळांच्या सरासरीवर ठरत नाही. ती त्यांच्या भूमितीय मध्यावर, म्हणजे मध्यम प्रमाणपदावर ठरते. ६४ आणि १८ यांचे मध्यम प्रमाणपद सुमारे ३४ येते, म्हणून पार्क्सची विजोड जोडी ३४ मीटर व्यासाच्या दोन सारख्या तबकड्यांइतकी संवेदनक्षम होती. एक प्रचंड तबकडी आधीच बांधून झाली असेल तर तिच्याशेजारी एक मध्यम आकाराची उभी करणे हा या दृष्टीने फार किफायतशीर व्यवहार ठरतो, कारण मोठीचा मोठेपणा धाकटीच्याही पदरात पडतो. २०१७ साली एम ८७ या दीर्घिकेतील कृष्णविवराची छाया टिपणाऱ्या जागतिक व्यूहात चिलीतील अनेक तबकड्यांच्या एकत्रित शक्तीला नांगरासारखे धरून बाकीच्या लहान दुर्बिणी तिच्याशी जोडल्या गेल्या, त्यामागे हेच गणित होते.

दृष्टिक्षेत्राचा हिशेब थोडा वेगळा आहे. प्रत्येक तबकडी आकाशाच्या ज्या तुकड्याकडे संवेदनशील असते त्याला तिची प्राथमिक शलाका म्हणतात, आणि तबकडी जितकी मोठी तितकी ही शलाका अरुंद असते. २१ सेंटिमीटर तरंगलांबीला ६४ मीटर तबकडीची शलाका सुमारे १५ कला, तर १८ मीटर तबकडीची जवळजवळ ५० कला रुंद भरते. (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग, चंद्राच्या वाढत्या-घटत्या कलांशी तिचा संबंध नाही, जरी पौर्णिमेच्या चंद्राची रुंदी सुमारे ३१ कला असते हे येथे लक्षात ठेवण्याजोगे आहे.) जोडीत दोघींच्या शलाकांचा गुणाकार होत असल्यामुळे एकत्रित शलाका २० कलांच्या आसपास येते; म्हणजे विजोड जोडीत नजर बहुतांशी मोठ्या तबकडीचीच चालते आणि लहान तबकडीचे विस्तृत दृष्टिक्षेत्र तिच्यापुढे वाया जाते.

राधाकृष्णन यांना ही जोडी हवी होती ती मात्र तिच्या एका अंधत्वासाठी. आकाशगंगेत विद्युतभाररहित हायड्रोजन वायू सर्वत्र पसरलेला आहे आणि तो स्वतः २१ सेंटिमीटरच्या लहरी सोडतो. त्याचबरोबर, दूरच्या एखाद्या तेजस्वी रेडिओ स्रोताच्या आणि आपल्या मध्ये तोच वायू आला तर तो त्या स्रोताच्या लहरींतला काही भाग शोषून घेतो. शोषणाच्या मोजमापावरून वायूच्या तापमानाचा अंदाज बांधता येतो; पण एकट्या तबकडीला उत्सर्जन आणि शोषण एकत्रच ऐकू येतात आणि त्यांना वेगळे करणे अवघड जाते. व्यतिकरणमापकाला पसरट गोष्टी दिसत नाहीत. आधाररेषेच्या मानाने फार विस्तृत असलेल्या आकाराच्या वेगवेगळ्या भागांतून येणारे संकेत जोडीच्या गुणाकारात एकमेकांना मारून टाकतात आणि शिल्लक राहतो तो फक्त लहानसा, टिंबासारखा स्रोत. पार्क्सच्या जोडीला आकाशभर पसरलेल्या हायड्रोजनचा गलका ऐकूच येत नव्हता, म्हणून तिला स्रोताच्या वर्णपटावर पडलेले शोषणाचे खळगे स्वच्छ वाचता आले. उपकरणाच्या वैगुण्यालाच गाळणी करून वापरण्याची ही युक्ती रेडिओ खगोलशास्त्रातील सर्वांत देखण्या युक्त्यांपैकी एक मानायला हरकत नाही.

चित्र काढायचे असते तेव्हा मात्र हेच अंधत्व मुळावर येते. तेजोमेघ, सुपरनोव्हांचे पसरत गेलेले अवशेष, दीर्घिकांच्या समूहांना वेढणारी क्षीण रेडिओ प्रभा या सगळ्या गोष्टी पसरट आहेत आणि त्यांना पाहण्यासाठी आखूड आधाररेषा लागतात. आधाररेषा किती आखूड असू शकते याला तबकडीच्या व्यासानेच मर्यादा घातलेली असते, कारण दोन तबकड्या एकमेकींना धडकल्याशिवाय त्यांची केंद्रे एका व्यासापेक्षा जवळ येऊ शकत नाहीत, आणि त्याआधीच, तबकड्या क्षितिजाकडे कलल्या की पुढची तबकडी मागचीच्या तोंडावर सावली धरते. खोडदला मध्यवर्ती एक किलोमीटरच्या परिसरात चौदा तबकड्या असूनही सर्वांत आखूड आधाररेषा १०० मीटरच्या आसपास आहे. २१ सेंटिमीटर तरंगलांबीला याचा अर्थ असा होतो की सुमारे ७ कलांपेक्षा, म्हणजे पूर्ण चंद्राच्या पाव रुंदीपेक्षा, पसरट असलेले आकार तेथील चित्रात फिके पडू लागतात. तरंगलांबी वाढवली की ही मर्यादा त्याच प्रमाणात सैल होते, आणि मीटरभर लांबीच्या लहरींसाठी बांधलेल्या त्या दुर्बिणीला म्हणूनच तिचा फारसा जाच होत नाही. संगीताच्या परिभाषेत सांगायचे तर आखूड आधाररेषा म्हणजे खर्ज. तो गाळून वाजवलेल्या ध्वनिमुद्रणात ताना स्पष्ट ऐकू येतात, पण तंबोरा गायब झालेला असतो. आणि रेडिओ चित्रात तर गायब झालेल्या तंबोऱ्याच्या जागी पसरट वस्तूभोवती एक खोटा काळा खड्डा उमटतो, ज्याला आकाशात काहीच आधार नसतो.

बंगळूरच्या उत्तरेला सुमारे १०० किलोमीटरवर, टेकड्यांनी वेढलेल्या गौरीबिदनूर येथे भारतीय खगोलभौतिकी संस्था आणि रामन संशोधन संस्था यांनी मिळून उभारलेल्या दुर्बिणीत या खर्जाची काळजी सुरुवातीपासून घेतलेली होती. (याच गौरीबिदनूरला भाभा अणुसंशोधन केंद्राचा भूकंपमापकांचा व्यूह १९६५पासून आहे, दूरच्या अणुस्फोटांचे हादरे टिपणारा तो व्यूह आणि आकाशाकडे तोंड केलेला हा व्यूह, दोघांचे मूळ तत्त्व एकच.) ही दुर्बीण ३४.५ मेगाहर्ट्झ कंप्रतेवर, म्हणजे जवळजवळ ८.७ मीटर तरंगलांबीवर चालत असे. इतक्या लांब लहरींसाठी तबकडी लागत नाही. खांबांवर ताणलेल्या तारांचे द्विध्रुवी अँटेना पुरतात. असे १००० द्विध्रुवी इंग्रजी टी अक्षराच्या आकारात मांडलेले होते आणि त्या अक्षराच्या भुजा मुळातच विजोड होत्या: पूर्व-पश्चिम भुजा सुमारे १.४ किलोमीटर लांब आणि ६४० द्विध्रुवींची, तर दक्षिणेकडे गेलेली भुजा ४५० मीटरांची आणि ३६० द्विध्रुवींची. पूर्व-पश्चिम भुजेची शलाका पूर्व-पश्चिम दिशेत चिंचोळी आणि उत्तर-दक्षिण दिशेत लांबच लांब, उघडलेल्या पंख्यासारखी. दक्षिण भुजेची याच्या बरोबर उलट. दोन भुजांचे संकेत गुणले की दोन पंखे जेथे एकमेकांना छेदतात तेवढाच तुकडा उरतो, आणि तो डोक्यावरच्या आकाशात २६ कला बाय ४२ कलांचा, साधारण पौर्णिमेच्या चंद्राएवढा भरतो. भुजा एकमेकींना भिडलेल्या असल्यामुळे अगदी आखूड आधाररेषाही हाती येतात. के. एस. द्वारकानाथ आणि एन. उदय शंकर यांनी या दुर्बिणीने केलेले आकाशाचे सर्वेक्षण १९९० साली प्रसिद्ध झाले तेव्हा, अँटेनेने सर्व कोनीय मापांच्या आकारांना प्रतिसाद द्यावा याची त्यात खास दक्षता घेतलेली होती. त्यामुळे एकाच नकाशात टिंबासारखे स्रोतही आले आणि आकाशगंगेच्या पट्ट्याची पसरट प्रभाही आली.

विजोडपणाची किंमत वेळेत चुकवल्याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण हिंदी महासागरात आहे. मॉरिशस विद्यापीठ, भारतीय खगोलभौतिकी संस्था आणि रामन संशोधन संस्था यांनी मॉरिशस बेटाच्या ईशान्य भागात १५१.५ मेगाहर्ट्झवर चालणारी दुर्बीण उभारली, ती उत्तर गोलार्धातून नीट न दिसणाऱ्या दक्षिण आकाशाचा नकाशा करण्यासाठी. तिचाही आकार टीचाच. पूर्व-पश्चिम भुजा २०४८ मीटर लांब. तिच्यावर स्प्रिंगसारख्या वेटोळ्यांचे १०२४ मळसूत्री अँटेना कायमचे रोवलेले आणि ३२-३२ च्या ३२ गटांत विभागलेले. दक्षिण भुजेवर, ८८० मीटर लांबीच्या रुळांवर, १६ ढकलगाड्या, आणि प्रत्येक गाडीवर फक्त चार मळसूत्री अँटेना. म्हणजे गुणाकार व्हायचा तो ३२ अँटेनांच्या गटाचा आणि ४ अँटेनांच्या गाडीचा. त्यांचे मध्यम प्रमाणपद ११ च्या जरा वर येते, आणि गाडीवरच्या मोजक्या अँटेनांच्या मानाने ही कमाई वाईट नाही. ३२ गट आणि १६ गाड्या मिळून एका वेळी ५१२ जोड्या होत असत आणि त्यासाठी तेवढ्याच वाहिन्यांचे अंकीय सहसंबंधक यंत्र, म्हणजे जोड्यांचे गुणाकार करणारे यंत्र, बसवलेले होते.

दक्षिण भुजेवरही हजारभर अँटेना रोवले असते तर एका दिवसात जे काम झाले असते ते या दुर्बिणीला टप्प्याटप्प्याने करावे लागे. एका मांडणीत निरीक्षण घ्यायचे, मग गाड्या रुळांवरून पुढच्या जागी न्यायच्या, जागा मोजून पक्की करायची, पुन्हा तेच आकाश डोक्यावरून जाऊ द्यायचे. ८८० मीटरांपर्यंतच्या सगळ्या आधाररेषा भरून निघायला किमान ६० दिवसांचे निरीक्षण लागे. या ६० दिवसांत आयनांबर बदलते, इलेक्ट्रॉनिक साधनांचे वागणे बदलते, आणि पहिल्या दिवसाचे माप साठाव्या दिवसाच्या मापाशी एका तराजूत आणण्याची जबाबदारी आकडेमोडीवर येते. दोन्ही भुजा एका पातळीत नसल्यामुळे त्या आकडेमोडीत आणखी भर पडत असे. आकाश सावकाश बदलते हे गृहीत धरूनच हा सौदा केलेला असतो. स्फोटासारखी क्षणिक घटना पाहायची असती तर तो अजिबात परवडला नसता.

दक्षिण भारतातले आणखी एक उदाहरण येथे नोंदवायला हवे. उटी येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या गोविंद स्वरूप यांनी डोंगराच्या उतारावर ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद असा अर्धनळीच्या आकाराचा अँटेना उभारला, तो १९७० साली कार्यरत झाला, आणि १९८०च्या दशकात त्याच्या आजूबाजूला लहान अँटेना पेरून सुमारे चार किलोमीटर पसाऱ्याचा संश्लेषण व्यूह तयार करण्यात आला. थोरला एक आणि धाकटे अनेक अशी ती मांडणी होती. तिने मिळवून दिलेला अनुभव पुढे खोडदच्या कामी आला.

जगात इतरत्र मात्र विजोड तबकड्यांचा विचार मुख्यतः खर्जासाठीच झाला. १९७९ साली रॉन एकर्स आणि आर्नोल्ड रॉट्स यांनी दाखवून दिले की तबकड्यांच्या जोडीला केवळ त्यांच्या केंद्रांमधल्या अंतराचीच माहिती मिळते असे नाही. तबकडीला रुंदी असते. एकीच्या जवळच्या कडेपासून दुसरीच्या जवळच्या कडेपर्यंतचे अंतर आणि दूरच्या कडेपासून दूरच्या कडेपर्यंतचे अंतर, आणि मधली सगळी अंतरे, त्या एकाच गुणाकारात मिसळलेली असतात. १५ मीटर अंतरावरच्या १२ मीटर व्यासाच्या दोन तबकड्यांकडे ३ मीटरपासून २७ मीटरपर्यंतची माहिती असते. तबकड्यांचा रोख आकाशात थोडा थोडा सरकवत शेजारशेजारचे तुकडे टिपले की ही मिसळण सोडवता येते. तुकडे जोडून गोधडी शिवावी तशी ही रीत आहे, आणि गोधडीप्रमाणेच येथेही तुकड्यांच्या कडा एकमेकांवर चढलेल्या असाव्या लागतात.

चिलीतील अल्मा दुर्बिणीची रचना हे तत्त्व समोर ठेवूनच झाली आहे. ५००० मीटर उंचीच्या पठारावर तिच्या एकूण ६६ तबकड्या आहेत: मुख्य व्यूहात १२ मीटरच्या ५०, आणि शेजारच्या दाट व्यूहात ७ मीटरच्या १२ आणि एकेकट्या वापरायच्या १२ मीटरच्या ४. मुख्य व्यूहाच्या आधाररेषा साधारण १५ मीटरांपासून सुरू होतात. लहान तबकड्या एकमेकींजवळ सरकू शकत असल्यामुळे त्यांच्या आधाररेषा सुमारे ९ मीटरांपासून सुरू होतात. आणि शून्यापासून वरची माहिती एकेकटी तबकडी देते, कारण तिच्या पृष्ठभागावरच्या कोणत्याही दोन बिंदूंची जोडी हीदेखील एक आधाररेषाच असते. एकेकटीसाठी १२ मीटर व्यास का निवडला याचे उत्तर या आकड्यांतच आहे. ती ७ मीटरची असती तर तिची माहिती ७ मीटरांशी संपली असती आणि लहान जोड्यांची ९ मीटरांशी सुरू झाली असती. १२ मीटरांमुळे ९ ते १२ हा पट्टा दोघांनाही दिसतो, आणि दोन वेगळ्या उपकरणांची मापे एकमेकांशी पडताळून एकाच पट्टीवर आणता येतात.

अल्मामध्ये ७ मीटरच्या आणि १२ मीटरच्या तबकड्यांची निरीक्षणे बहुधा वेगवेगळी घेऊन नंतर जोडली जातात. कॅलिफोर्नियातील कार्मा या व्यूहात त्यापुढचे पाऊल टाकलेले होते: तेथे १०.४ मीटरच्या ६ आणि ६.१ मीटरच्या ९ तबकड्यांचे संकेत थेट एकमेकांशी गुणले जात, आणि ३.५ मीटरच्या आणखी ८ तबकड्या त्यांच्या साथीला होत्या. २०१५ साली हा व्यूह बंद झाला. त्यातल्या १०.४ मीटरच्या तबकड्या कॅल्टेकच्या रॉबर्ट लेटन यांच्या आराखड्याच्या, आणि त्याच आराखड्यावरून बेतलेली, त्याच व्यासाची त्यांची एक बहीण बंगळूरमध्ये सदाशिवनगर भागात, रामन संशोधन संस्थेच्या आवारात उभी आहे. मिलिमीटर लांबीच्या लहरींसाठी बांधलेल्या या तबकडीला व्यूह लाभला नाही. तिने आपले काम एकटीनेच केले. कॅलिफोर्नियातील भगिनींच्या वाट्याला मात्र जोड्यांचा संसार आला आणि त्याचा हिशेब असा होता की पहिल्या दोन मापांच्या १५ तबकड्यांच्या एकूण १०५ जोड्यांपैकी १५ थोरल्या-थोरल्यांच्या, ३६ धाकट्या-धाकट्यांच्या आणि तब्बल ५४ विजोड. तेथे विजोड जोड्या अपवाद म्हणून राहिल्या नाहीत, त्यांचीच बहुसंख्या झाली.

गणिताची खरी फेड येथे सुरू होते. सगळ्या तबकड्या सारख्या असतील तर चित्र पूर्ण झाल्यावर शेवटी एकदाच प्राथमिक शलाकेने भागले की काम होते. मध्यावरचे स्रोत जसेच्या तसे राहतात आणि कडेचे, फिके दिसलेले स्रोत आपल्या खऱ्या तेजाला येतात. दोन मापे असतील तर शलाका तीन प्रकारच्या होतात आणि शेवटी कशाने भागायचे हा प्रश्नच निरर्थक ठरतो, कारण एकाच स्रोताचे तेज तीन प्रकारच्या जोड्यांनी तीन वेगळे सांगितलेले असते. त्यावरचा उपाय शेवटी भागण्याऐवजी आरंभीच दुरुस्ती करण्याचा आहे. प्रत्येक जोडीचे माप गणिताच्या जाळीवर एका बिंदूत बसत नाही, ते एकर्स आणि रॉट्स यांनी दाखवल्याप्रमाणे थोडे पसरलेले असते, आणि त्या पसरण्याचा आकार जोडीतल्या दोन तबकड्यांच्या रूपावर ठरतो. म्हणून प्रत्येक जोडीचे माप जाळीवर उमटवताना त्या जोडीचाच ठसा वापरायचा: थोरल्या जोडीला रुंद ठसा, धाकट्या जोडीला आटोपशीर, विजोड जोडीला त्या दोघींच्या मिश्रणाचा. ए-प्रोजेक्शन या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत २००८ साली संजय भटनागर, टिम कॉर्नवेल, कुमार गोलाप आणि हुआन उसोन यांनी मांडली. यांतील भटनागर हे पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रात घडलेले. आणि गोलाप हे तेच, ज्यांचे नाव मॉरिशसच्या दुर्बिणीचे वर्णन करणाऱ्या १९९८ सालच्या निबंधावर उदय शंकर आणि च. व्ही. शास्त्री यांच्या नावांबरोबर आहे. ढकलगाड्यांवरच्या चार मळसूत्री अँटेनांना बत्तीसांच्या गटाशी जोडताना जो हिशेब मांडावा लागला, त्याच जातीच्या हिशेबाशी दहा वर्षांनी त्यांची पुन्हा गाठ पडली असे म्हणता येईल.

ही पद्धत महागडी आहे. पण तबकडी मोठी करण्याचा खर्च त्याहून झपाट्याने वाढतो. ढोबळ नियम असा आहे की तो व्यासाच्या सुमारे २.७ व्या घाताने वाढतो, म्हणजे व्यास दुप्पट केला तर क्षेत्रफळ चौपट होते आणि खर्च मात्र साडेसहा पट. गणकयंत्रांची किंमत दर दशकात उतरत गेली, पोलादाची उतरली नाही. त्यामुळे तराजू हळूहळू विजोड व्यूहांच्या बाजूला झुकत गेला.

सध्या उभारणी चालू असलेल्या स्क्वेअर किलोमीटर अरे या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात विजोडपणा आला तो अशा व्यवहारातूनच. दक्षिण आफ्रिकेने स्वतःच्या खर्चाने बांधलेला, २०१८ साली कार्यरत झालेला मीरकॅट हा १३.५ मीटर व्यासाच्या ६४ तबकड्यांचा व्यूह या प्रकल्पात सामावून घ्यायचे ठरले, आणि नव्या तबकड्यांचा व्यास १५ मीटर ठरला होता. जुन्या तबकड्या मोडीत काढणे शहाणपणाचे नव्हते. मूळ आराखड्यानुसार १३३ नव्या आणि ६४ जुन्या मिळून १९७ तबकड्या होतात. त्यांच्या १९,३०६ जोड्या पडतात. त्यांपैकी ८,७७८ नव्या-नव्यांच्या, २,०१६ जुन्या-जुन्यांच्या आणि ८,५१२ विजोड. भारत सरकारने या प्रकल्पातील सहभागासाठी १२५० कोटी रुपये मंजूर केले आहेत. पुण्याचे राष्ट्रीय केंद्र आणि बंगळूरची रामन संशोधन संस्था या दोघांचाही भारतीय गटात समावेश आहे.

१३.५ आणि १५ यांतला फरक किरकोळ वाटतो. १५ मीटरच्या तबकडीची संवेदनक्षमता शलाकेच्या कडेकडे जेथे निम्म्यावर येते, तेथे एखादा स्रोत आहे असे धरले, तर नव्या-नव्या जोडीला त्याचे तेज ०.५० दिसेल, जुन्या-जुन्या जोडीला ०.५७ आणि विजोड जोडीला ०.५३. आकाशात स्रोत एकच आहे, पण व्यूहातील जोड्यांचे तीन गट त्याच्याविषयी तीन जबान्या देतात, आणि गणिताने ही तफावत ओळखली नाही तर ती स्रोताभोवती वलये आणि आरे यांच्या रूपात चित्रभर पसरते. जेथे तेजस्वी स्रोताच्या शेजारी त्याच्या लाखाव्या हिश्शाइतका फिका स्रोत शोधायचा असतो, तेथे शेकड्यात सातचा हा फरक डोंगराएवढा आहे.

म्हणून शलाका गृहीत धरून भागत नाही, ती प्रत्यक्ष मोजावी लागते. त्यासाठी एक तबकडी एखाद्या तेजस्वी स्रोतावर स्थिर रोखून धरतात आणि दुसरी त्याच्याभोवती थोडी थोडी हलवत, जणू कोपऱ्या-कोपऱ्यातून डोकावत, एकेका बिंदूवर थांबवतात. स्थिर तबकडीच्या संकेताशी तिचा संकेत गुणत गेले की हलत्या तबकडीच्या शलाकेचा नकाशा कडेपर्यंत तयार होतो. साडेतेरा मीटरवाल्यांचा नकाशा वेगळा, पंधरा मीटरवाल्यांचा वेगळा. दोन्ही प्रकारच्या तबकड्यांत संकेत गोळा करणारे यंत्र मध्यभागी नसून एका बाजूला असल्यामुळे दोन्हींच्या शलाका नेमक्या गोल नाहीत. कंप्रता बदलली की रुंदी बदलते. आणि तबकडी आकाशात जितकी खाली झुकेल तितका तिचा पृष्ठभाग स्वतःच्या वजनाने किंचित वाकत असल्यामुळे, ही मोजणी वेगवेगळ्या उंचीच्या कोनांना पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.